शेण-रक्त तपासून मगच औषध देणारा दवाखाना : ४ स्टार (१ का कापला ते खाली लिहिलंय)

तालुक्याच्या बसस्टँडमागच्या गल्लीतला हा ढोरांचा प्रायव्हेट दवाखाना. समोर औषधाचं काउंटर, आतल्या खोलीत टेबलावर मायक्रोस्कोप, एक सेंट्रीफ्युज, काचपट्ट्यांचे डबे आणि एक जुनाट फ्रीज, लॅब म्हणायची तर एवढीच. बोर्डावर सर्व प्रकारची औषधे मिळतील असं लिहिलंय म्हणून लोक जंताची बाटली घ्यायला येतात, डॉक्टर म्हणतात आधी शेण घेऊन या, आणि लोक चिडून बाजूच्या दुकानातून बाटली घेऊन जातात. मला मात्र ह्या दवाखान्यातली तीच गोष्ट पटली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे गवळाऊ गायी आहेत, एक बैलजोडी, दोन जर्सी क्रॉस आणि एक नागपुरी म्हैस वगारासकट. कोठ्याचं सगळं मीच पाहते. आर्वी-कारंजा-आष्टीकडं गवळाऊ पहिले घरोघरी असायची, आता डेअरीला दूध घालायचं तर क्रॉस ठेवावीच लागते, त्यामुळं एकाच कोठ्यात दोन तऱ्हेची ढोरं, आणि एकच गोचीड दोघींना चावली तरी एक मजेत कुटार खात असते आणि दुसरी ताप घेऊन बसते. हे असं काहून होते ह्याचं उत्तर मला आजवर कोणत्याच मेडिकलवाल्यानं दिलं नव्हतं, इथं मिळालं.

शेणाच्या तपासणीचे एका जनावराचे शंभर रुपये घेतात. मामाजींनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले, "शेण तपासाचे पैसे? शेण त आपण फुकटात उकिरड्यावर टाकतो!" पण काम डोळ्यासमोर होते. थोडं शेण मिठाच्या दाट पाण्यात कालवून गाळतात, गोलकृमीची अंडी हलकी असतात ती वर तरंगतात, वरचा थेंब काचेवर घेऊन एका ग्रॅमला किती अंडी ते मोजतात. लिव्हर फ्लूक म्हणजे लिव्हरमध्ये राहणारा चपटा कृमी, त्याची अंडी जड, ती मिठाच्या पाण्यात सापडत नाहीत, त्यासाठी साध्या पाण्यात गाळ बसू द्यावा लागते. दोन्ही केलं का हे विचारून घ्या, घाईच्या दिवशी पोरगा एकच करतो.

आता मजा ऐका. मी सगळ्यांचं शेण नेलं होतं. मोठ्या गायींना आणि बैलांना डॉक्टरांनी गोलकृमीचं औषधच दिलं नाही. अंडी होती, पण थोडी. पहिल्यांदाच बाहेर चरायला लागलेल्या दोन कालवडींना मात्र खच्चून निघाली, त्यांना वजनानं डोस दिला. मी म्हटलं सर बाकीच्यांनाही देऊन टाका ना, एवढ्या लांब आलो आता. तर म्हणाले, "ताई, त्यांचं काम त्यांचं अंग करून राह्यलं, तुम्ही मधात कायले पडता?"

मग त्यांनी समजावलं ते जमेल तसं सांगते. बॅक्टेरिया असला तर रक्तातली पांढरी पेशी त्याला गिळून टाकते. जंत गिळता येत नाही, तो पेशीपेक्षा कितीतरी मोठा. म्हणून त्याच्यासाठी शरीराची वेगळीच फौज निघते. आतड्याच्या अस्तरातून धोक्याचा सिग्नल जातो, मग टीएच-टू नावाच्या मदतनीस पेशी इंटरल्युकिन ४, ५ आणि १३ असे निरोप सोडतात. एका निरोपानं आतडं जास्त चिकट स्राव सोडते म्हणजे जंताला बूड टेकवता येत नाही, एकानं आयजीई नावाची अँटीबॉडी तयार होते, एकानं इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढतात. ह्या इओसिनोफिल जंताच्या अळीला चारी बाजूनं चिकटतात, मुंग्या सुरवंटाला घेरतात तशा, आणि आपल्या पोटातले विषारी दाणे तिच्या कातडीवर ओततात. रक्ताच्या काचेवर त्यांनी मला ती पेशी दाखवली, जांभळ्या केंद्रकाभोवती नारिंगी-गुलाबी दाणे गच्च भरलेले, एकदा पाहिली की परत ओळखू येते. जनावरात थोड्याफार त्या नेहमीच असतात, त्यामुळं नुसत्या दिसल्या म्हणून जंत आहेत असं नसते हेही सांगून टाकलं.

पण ही फौज जन्मापासून तयार नसते. वासरू चरायला लागलं, थोड्याथोड्या अळ्या पोटात गेल्या की शरीर शिकते, जंताच्या जातीप्रमाणे काही महिने ते एक-दोन हंगाम लागतात. शिकलेल्या गायीच्या पोटात नवीन अळ्या कमी टिकतात, टिकल्या त्या खुरटतात आणि जंताची मादी अंडी कमी टाकते. म्हणूनच डॉक्टरांनी हेही स्पष्ट केलं की मोठ्या गायीच्या शेणात अंडी कमी म्हणजे पोटात जंत नाहीतच असं समजू नका, गाय खाते किती, अंगावर मांस आहे का, दूध उतरलं का, हे सोबत पाहायचं. गाभण गाय व्यायला आली की हीच ताकद काही दिवस ढिली पडते. आणि उन्हाळ्यात नुसत्या कुटारावर काढलेल्या ढोराचीही ढिली पडते, कारण अँटीबॉडी काय पेशी काय सगळं प्रोटीनचंच बनते. मला म्हणाले की ह्या महिन्यात जंताच्या बाटलीचे पैसे वाचले ते ढेपीत घाला. औषध विकणारा माणूस हे सांगते म्हणजे बघा.

उलट चौकातल्या दुकानात दर तीन महिन्यांनी सगळ्या ढोरांना एकच औषध पाजा म्हणतात, वजन न पाहता, अंदाजानं. कमी डोस गेला की कच्चे मरतात आणि चिवट जंत उरतात, त्यांचीच पिल्लावळ वाढते आणि मग ते औषध लागूच होत नाही. सगळ्या कळपात जास्तीचे जंत मोजक्याच ढोरांच्या पोटात असतात, तेवढी शोधून त्यांनाच दिलं तर औषधही पुरते आणि बाकीच्यांचं शिकलेलं अंगही कामाला लागते. त्यांचा एकच अपवाद, लाळ्या-खुरकतच्या सरकारी लसीच्या राउंडआधी दोनेक आठवडे ज्यांना जंत जास्त निघाले त्यांना औषध देऊनच टाका, कारण जंतांनी पोखरलेल्या ढोरात लस टोचली तरी अँटीबॉडी पाहिजे तेवढ्या बनत नाहीत. आमच्या गावात किती जण लस देऊनही रोग आला म्हणून ओरडतात त्यांनी हे वाचावं.

लिव्हर फ्लूकचं प्रकरण वेगळं आहे आणि ते मला जास्त भीतीदायक वाटलं. आमच्या इकडं लोअर वर्धा धरणाच्या काठाला आणि कालव्याच्या पाझराला ढोरं चरतात, तिथं गोगलगायी असतात आणि फ्लूक त्यांच्यातूनच गवतावर येते. पोटात गेलेलं पिल्लू आतड्याची भिंत फोडून सरळ लिव्हरमध्ये घुसते, तिथं काही आठवडे पोखरत फिरते आणि मग पित्ताच्या नळीत घर करते. शरीर अँटीबॉडी सोडते, त्या त्याच्या अंगाला चिकटतातही, पण हे महाशय अंगावरचं आवरणच टाकून देतात आणि नवीन घालतात, शिवाय असं एंझाइम सोडतात की अँटीबॉडीचे तुकडे होतात. वरून शरीराची फौजच अशा दिशेला वळवतात की जोरदार हल्ला होतच नाही. त्यामुळं गाय कितीही वर्षं काठाला चरली तरी गोलकृमीसारखी शिकून तयार होत नाही, इथं औषध लागतेच. ब्रिटनमध्ये तर फ्लूक असलेल्या गायींची टीबीची कातडीवरची चाचणीसुद्धा फसू शकते असं दिसलंय, कारण चाचणी ज्या प्रतिक्रियेवर चालते तीच फ्लूकनं दाबलेली असते.

आमच्या एका बैलाला निघाली फ्लूकची अंडी. काचेत पाहिलं तर पिवळसर-तपकिरी, एका टोकाला बारीक झाकण. बाजूलाच दुसरी तशीच पण बिनरंगाची काचेसारखी होती, ती रुमेनमधल्या, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यातल्या चपट्या कृमीची, दोन्हीत गल्लत होते म्हणून रंग पाहायचा असं डॉक्टर म्हणाले. फ्लूक पोटात गेल्यावर अंडी दिसायला तीन महिने तरी जातात, तेव्हा पोळ्याला शेण क्लिअर आलं म्हणून खूश होऊ नका, थंडीत परत तपासा.

रक्ताकडं येते. ह्या दवाखान्याचं खरं नाव झालं ते गोचीडतापाच्या रक्ततपासणीनं. आमच्या क्रॉस गायीला पाऊस लागल्या लागल्या ताप आला, खाणं सोडलं, खांद्याच्या पुढची गाठ लिंबाहून मोठी झाली. डॉक्टरांनी त्या गाठीत सुई घालून थोडं पाणी काढलं, काचेवर पसरून रंग लावला आणि थायलेरिया सांगितला. रक्तात नंतर दिसते, गाठीत आधी, म्हणून गाठ सुजली असेल तर नुसत्या रक्तावर थांबू नका. बुपारव्हाक्वोनचं इंजेक्शन दिलं, महागडं आहे, पण लवकर दिलं तरच काम करते. गाय वाचली. दूध पूर्वीच्या इतकं यायला बराच वेळ गेला.

हा थायलेरिया फार बदमाश जंतू आहे. हायलोमा जातीच्या गोचिडीच्या थुंकीतून येते आणि ज्या पांढऱ्या पेशींनी त्याला मारायचं त्यांच्यातच घुसून बसते. नुसता बसत नाही, त्या पेशीला फुटत राहायला लावते, कॅन्सरमध्ये होते तसं, आणि पेशी दोन झाल्या की दोन्हीत हा वाटून जाते. गाठी सुजतात त्या ह्यानंच. शरीराकडं ह्याच्यावर इलाज म्हणजे मारेकरी टी-पेशी, त्या बिघडलेली पेशी ओळखून आख्खी पेशीच संपवतात, आणि सोबत इंटरफेरॉन गॅमा नावाचा निरोप, ज्यानं मॅक्रोफेज पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडून जंतूला भाजतात. म्हणजे जंताची फौज वेगळी आणि ह्याची वेगळी. पण विदेशी रक्ताच्या गायीत ही लागण झालेली मॅक्रोफेज पेशीच सूज भडकवणारी रसायनं बेसुमार सोडते, तापानं आणि सुजेनं गाय जाते, निम्मं नुकसान तिच्या स्वतःच्याच अंगानं केलेलं असते. देशी साहिवाल आणि विदेशी होल्स्टीन वासरांना मुद्दाम सारखीच लागण देऊन पाहिली तर साहिवालला ताप कमी आला आणि ती स्वतःहून बरी झाली, असा अभ्यास झालेला आहे. आमची गवळाऊ त्याच अंगणात बांधलेली, तिच्याही कानात गोचिडी होत्याच, तिला काही झालं नाही. मामाजी तर म्हणतातच, "आपल्या गाईले काय होत नाही, तुमची जर्सीच लाडाची." मी आता वाद घालत नाही.

त्यावर मी विचारलं मग सगळ्या गोचिडी मारून टाकायच्या का. सरळ उत्तर नाही मिळालं आणि तेच मला आवडलं. गोचिडीतूनच येणारा लाल लघवीचा जो बबेसिया जंतू आहे तो वासरांना साधारण नऊ महिन्यांपर्यंत सौम्य जाते, त्या वयात थोडी लागण झाली तर पुढं जन्मभर कामाला येणारी ताकद मिळते. प्लीहा लागण झालेल्या लाल पेशी गाळून टाकायला शिकते आणि रक्तात थोडासा जंतू शिल्लक राहून तो धडा ताजा ठेवते. अशा भागात मोठी, कधीच न लागलेली गाय बाहेरून आणली की ती मरते. म्हणजे देशी कळपात एकही गोचीड राहू नये हा हट्ट नको. पण थायलेरियात क्रॉसचं लहान वासरूही जाते, तिथं हा प्रयोग करायचा नाही, तिथं कोठ्याच्या भेगा बुजवणं, भिंतीला फवारणी, ब्रश, सगळं करायचं. दोन्ही जातीची ढोरं एका कोठ्यात असली की काय करायचं ह्याच्यावर डॉक्टर हसले आणि म्हणाले क्रॉसचा विचार पहिले करा.

वासरांचं एक सांगायचं राहिलं. गायीच्या पोटात असताना वासराला आईच्या अँटीबॉडी मिळतच नाहीत, सगळ्या चिकातून मिळतात, आणि आतडं त्या सरळ रक्तात जाऊ देते ते फक्त पहिल्या दिवसापुरतं, जितक्या लवकर तितकं बरं. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक, म्हणजे पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर, पहिल्या काही तासांत सुरुवात करून. आमच्या गावात गाय व्याली की आधी खर्वसाला चीक मागायला शेजारणी येतात, आता मी दुसऱ्या दिवशी या म्हणते. म्हशीच्या वगाराला टॉक्सोकारा नावाचे मोठे पांढरे जंत आईच्या दुधातूनच येतात, आईच्या अंगात त्याच्या अळ्या तिच्या प्रतिकारानं दाबून झोपवलेल्या असतात आणि व्यायच्या वेळी जाग्या होऊन दुधात उतरतात. म्हणून चीक बंद करायचा नाही, दहा ते सोळा दिवसांच्या दरम्यान वगाराला औषध द्यायचं. वाचलं तर चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत त्याचं अंगच ते जंत बाहेर टाकते.

आता एक स्टार का कापला. रिपोर्टात अदलाबदल झाली. माझ्या बैलाच्या नावावर टॉक्सोकाराची अंडी आणि वगाराच्या नावावर फ्लूकची लिहून आली. एवढ्याशा वगाराला, जे अजून गवत नीट खात नाही, फ्लूक कशी होईल, आणि मोठ्या बैलाच्या शेणात टॉक्सोकारा कशाला दिसेल, हे मी काउंटरवरच्या पोराला म्हटलं तर तो म्हणतो रिपोर्टात आहे ते बरोबर आहे. डॉक्टर व्हिजिटवरून येईपर्यंत थांबले, त्यांनी काचपट्ट्या परत पाहिल्या आणि नावं उलटी झाली होती हे कबूल केलं. माफी मागितली, पण ज्याला हे कळत नाही त्यानं वगाराला फ्लूकचं औषध पाजलं असतं. डब्यांवर नाव लिहायला साधा मार्कर ठेवत नाहीत, चिकटपट्टी गळून पडते. रिपोर्ट इंग्रजीत आणि डॉक्टरच्या अक्षरात. फोन उचलत नाहीत. डॉक्टर डिलिव्हरीच्या केसला गेले की शटर अर्धं खाली आणि कधी येतील कोणी सांगत नाही, बसायला एकच बाकडं, उन्हात ढोर घेऊन आलेल्या माणसाला सावली नाही.

आणखी एक. थायलेरियाची लस आपल्या देशात बनते, हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सची रक्षाव्हॅक-टी, त्यात लॅबमध्ये वाढवून कमजोर केलेला जंतू पेशींसकट असते, म्हणजे मारेकरी टी-पेशींना आधीच सराव होतो. पण ती लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते आणि ती सोय ह्या दवाखान्यात नाही, क्रॉस गाय घेणाऱ्यांसाठी ती पाहिजे होती. मागणी गोळा झाली तर आणून देतो म्हणतात, अजून आणली नाही.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा. शेण ताजं, पडलेल्या पोवाच्या वरच्या भागातलं, मातीला न लागलेलं, घट्ट झाकणाच्या डबीत, आणि डबीवर नाव तुमच्या हातानं लिहून न्या. लगेच जाणं होत नसेल तर डबी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, उन्हात ठेवली की अंड्यातून अळ्या निघून मोजणी बिघडते. तापाची गाय असेल तर गावातल्या कोणाकडून इंजेक्शन मारून घ्यायच्या आधी आणा, नंतर काचेवर काही दिसत नाही. गाय उठतच नसेल तर १९६२ ला फोन करून फिरता सरकारी दवाखाना बोलवा, हे डॉक्टर रात्री गावात येत नाहीत. रविवारी बंद, बाजाराच्या दिवशी गर्दी.